सिलिकॉन कार्बाइडचा गेट ऑक्साइड : प्रकल्प नोंदी

6 जानेवारी 2025

नव्या प्रकल्पाची पहिली नोंद. काम असं: 1200 व्होल्ट वर्गाच्या 4एच-सिलिकॉन कार्बाइड (4एच ही त्याच्या स्फटिकाची एक जात) मॉसफेटमध्ये, म्हणजे गेटच्या व्होल्टेजने चालू-बंद होणाऱ्या ट्रान्झिस्टरमध्ये, तो चालू असताना, रोध कुठे कुठे वाटला गेला आहे ते मांडायचं आणि त्यातला गेट ऑक्साइडखालचा (गेट आणि स्फटिकामधल्या पातळ विद्युतरोधक थराखालचा) वाटा कमी करायचा. भट्टीची पाळी मिळेपर्यंत कागदावरचा हिशेब उरकून घेतो.

सिलिकॉनचा बँडगॅप (बांधलेला इलेक्ट्रॉन मोकळा व्हायला लागणारी ऊर्जा) 1.12 इलेक्ट्रॉन-व्होल्ट, 4एच-सिलिकॉन कार्बाइडचा 3.26. या दोन आकड्यांवर सगळे भाषण देतात, पण पॉवर इलेक्ट्रॉनिक्सच्या कामाला येतो तो त्यातून मिळणारा क्रिटिकल फील्ड. बँडगॅप मोठा म्हणून धडकेतून नवी इलेक्ट्रॉन-होल जोडी (होल म्हणजे इलेक्ट्रॉनची रिकामी, धनभारासारखी वागणारी जागा) सुटायला जास्त ऊर्जा लागते, आणि म्हणून स्फटिक ब्रेकडाउनआधी सिलिकॉनच्या साधारण दसपट फील्ड सोसतो. हिशेबासाठी सिलिकॉनला सेंटिमीटरमागे 2.5 लाख व्होल्ट आणि सिलिकॉन कार्बाइडला 25 लाख व्होल्ट धरले. फील्ड त्रिकोणी आकाराचा मानला, तर 1200 व्होल्ट अडवायला सिलिकॉनचा 96 मायक्रॉन जाड थर लागतो, सिलिकॉन कार्बाइडचा 9.6 मायक्रॉन. वर डोपिंगही (वाहक पुरवणाऱ्या अशुद्धीचं प्रमाण) वाढवता येतं: सिलिकॉनमध्ये घनसेंटिमीटरला 1.7 × 10¹⁴ च्या आसपास, इकडे 1.4 × 10¹⁶. थर दहाव्या हिश्श्याचा आणि त्यात वाहक ऐंशीपटीहून जास्त. मोबिलिटी (फील्डमध्ये वाहक किती सहज सरकतात त्याचं माप) थोडी कमी असूनही ड्रिफ्ट थराचा, म्हणजे व्होल्टेज अडवणाऱ्या या थराचा, रोध सिलिकॉनमध्ये 264 मिलीओहम-चौ. सेंमी निघतो, सिलिकॉन कार्बाइडमध्ये 0.54. जवळपास पाचशेपट फरक.

बी. जयंत बलिगा यांनी 1982 मध्ये मांडलेला गुणांक हेच सांगतो: परमिटिव्हिटी, मोबिलिटी आणि क्रिटिकल फील्डचा घन, या तिघांचा गुणाकार. सगळी ताकद त्या घनात आहे. सिलिकॉनमध्ये 264 चा रोध कुणालाच परवडत नाही, म्हणून 1200 व्होल्टला तिथे आयजीबीटी हा दुसऱ्या प्रकारचा स्विच वापरतात. त्यात होल्स ओतून थर वाहता केला जातो आणि बंद करताना ते होल्स निघून जाईपर्यंत शेपटीसारखा करंट रेंगाळतो. सिलिकॉन कार्बाइड मॉसफेटमध्ये ही शेपटी नाही. सगळा फायदा तिथून सुरू होतो.

9 जानेवारी

कालपासून डोक्यात घोळत होतं ते मांडलं. 0.54 हा फक्त ड्रिफ्ट थर. करंटला त्याआधी गेटखालच्या चॅनेलमधून यावं लागतं आणि शेवटी सब्स्ट्रेटमधून, म्हणजे तळाच्या जाड स्फटिकातून, खाली उतरावं लागतं.

चॅनेल: लांबी 0.5 मायक्रॉन, सेलची अर्धी रुंदी 5 मायक्रॉन, ऑक्साइड 50 नॅनोमीटर, गेट 18 व्होल्ट, थ्रेशोल्ड (मॉसफेट चालू व्हायला लागणारं गेट व्होल्टेज) 3 व्होल्ट. मोबिलिटी 20 चौ. सेंमी/व्होल्ट-सेकंद धरली. रोध येतो 1.2 मिलीओहम-चौ. सेंमी.

सब्स्ट्रेट: 350 मायक्रॉन जाड, 0.02 ओहम-सेंमी. रोध 0.7. घासून 100 मायक्रॉनवर आणला तर 0.2.

म्हणजे ज्या ड्रिफ्ट थरासाठी हा पदार्थ निवडला, त्याचा वाटा सगळ्यांत कमी. ज्याने व्होल्टेज अडवायचं तो थर आपलं काम चोख करतोय, आणि अर्ध्या मायक्रॉनचा चॅनेल त्याच्या दुप्पट रोध लावतोय. स्फटिकाच्या आत इलेक्ट्रॉनची मोबिलिटी 800 ते 1000 असते. ऑक्साइडच्या सीमेवर आल्यावर ती 20 होते. सीमेवर काहीच केलं नाही, फक्त ऑक्सिजनमध्ये ऑक्साइड वाढवला, तर एक अंकीसुद्धा राहते. 5 धरून पाहिलं तर चॅनेलचा रोध 4.8 होतो, आणि सिलिकॉन कार्बाइड घेतल्याचं समाधान फारसं उरत नाही.

व्होल्टेज बदललं की चित्र बदलतं. ड्रिफ्टचा रोध व्होल्टेजच्या वर्गाने जातो, चॅनेलचा जवळपास तेवढाच राहतो. 650 व्होल्टला ड्रिफ्ट 0.16, म्हणजे चॅनेलच सर्वेसर्वा. 3300 व्होल्टला ड्रिफ्ट 4.1, तिथे चॅनेलची फारशी पत्रास नाही. रेल्वेच्या ट्रॅक्शनसाठी उच्च व्होल्टेजच्या डिव्हाइसवर काम करणाऱ्या मित्राला इंटरफेसची (ऑक्साइड आणि स्फटिकाच्या सीमेची) आमची तळमळ का कळत नाही, त्याचं उत्तर या दोन आकड्यांत आहे.

इतिहासही याच बाजूने बोलतो. एडवर्ड अ‍ॅचेसनने 1891 मध्ये सिलिकॉन कार्बाइड बनवला तो घासकामासाठी. 1955 मध्ये लेलीने सब्लिमेशनने स्वच्छ स्फटिक वाढवले, 1978 मध्ये ताइरोव्ह आणि त्स्वेतकोव्ह यांनी बीज-स्फटिकावर वाढवण्याची पद्धत दिली, 1987 मध्ये क्योतोला मात्सुनामींच्या गटाने किंचित तिरकस कापलेल्या पृष्ठभागावर स्फटिकाच्या जातींची गल्लत न होता एपिटॅक्सी (स्फटिकावर त्याच रचनेचा नवा थर वाढवणं) करण्याची रीत दाखवली. शॉट्की डायोड 2001 मध्ये विक्रीला आला. मॉसफेट मात्र 2010-11 मध्ये. डायोडला गेट ऑक्साइड लागत नाही. मधल्या दहा वर्षांत स्फटिकातल्या दोषांचाही वाटा होता हे मान्य, पण मोठा अडसर ऑक्साइडचाच होता असं माझं ठाम मत आहे.

16 जानेवारी

वेफर आले. 4 अंश तिरकस कापलेले, सिलिकॉन फेसवर (ज्या बाजूला सिलिकॉनचे अणू वर येतात तिथे) एपि थर. नायट्रोजन डोपिंगमुळे मधासारखा रंग आणि आरपार दिसतं. खाली ठेवलेल्या कागदावरचा मजकूर वाचता येतो. सिलिकॉनवर काम करून आलेल्यांना हे पहिल्यांदा खटकतं, कारण मायक्रोस्कोपमध्ये फोकस नेमका कुठल्या पृष्ठभागावर आहे तेच कळत नाही.

एक तुकडा वितळलेल्या पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये 500 अंशांच्या आसपास खोदून पाहिला. स्फटिकातले रेषेसारखे दोष खड्डे होऊन दिसतात: मोठे षटकोनी खड्डे म्हणजे स्क्रू डिस्लोकेशन, छोटे म्हणजे एज, आणि शिंपल्यासारखे लांबट म्हणजे बेसल प्लेन डिस्लोकेशन. शिंपले फार कमी दिसले. ते कमी असणं महत्त्वाचं, कारण मॉसफेटच्या पोटातल्या डायोडमधून करंट गेला की बेसल प्लेनचे दोष पसरून स्टॅकिंग फॉल्ट (अणूंच्या थरांची चुकलेली रचना) होतात आणि रोध चढत जातो. आमचा विषय तो नाही, पण वेफर बरे आहेत हे पाहून घेतलं.

23 जानेवारी

पहिलं ऑक्सिडेशन. कोरडा ऑक्सिजन, 1200 अंश सेल्सिअस.

सिलिकॉन फेसवर ऑक्साइड अतिशय सावकाश वाढतो. मागची बाजू कार्बन फेसची, तिथे त्याच वेळात कितीतरी जाड थर चढतो. त्यामुळे समोर रेझिस्ट (आम्लापासून वाचवणारा लेप) लावून मागचा ऑक्साइड हायड्रोफ्लुओरिक आम्लाने काढून टाकावा लागतो, नाहीतर मागे कॉन्टॅक्ट लागतच नाही. जाडी डोळ्यांनी ओळखायची सवय इथे चालत नाही. सिलिकॉनवर ऑक्साइडचे रंग स्पष्ट दिसतात. इथे ऑक्साइडच्या आणि खालच्या पदार्थाच्या पारदर्शकतेत ते हरवतात. इलिप्सोमीटरला (प्रकाशाने जाडी मोजणाऱ्या उपकरणाला) पर्याय नाही.

सगळ्या अडचणींचं मूळ आजच्या प्रक्रियेतच आहे. सिलिकॉनवर ऑक्सिजन सोडला की सिलिकॉन डायऑक्साइड होतो आणि काही उरत नाही. इथे प्रत्येक सिलिकॉन अणूबरोबर एक कार्बन अणू सुटतो, आणि त्याला कार्बन मोनॉक्साइड होऊन वाढत्या ऑक्साइडमधून बाहेर पडायचं असतं. सगळाच पडत नाही. काही सीमेजवळ अडकतो, आणि तिथल्या विस्कटलेल्या बंधांत इलेक्ट्रॉन पकडणारे ट्रॅप तयार होतात. सिलिकॉनमध्ये असे ट्रॅप हायड्रोजनमध्ये 400-450 अंशांना तापवून शांत करता येतात. तीच कृती सिलिकॉन कार्बाइडवर जवळजवळ निष्प्रभ ठरते.

4 फेब्रुवारी

अ‍ॅल्युमिनियमचे ठिपके टाकून कपॅसिटर तयार केले, सी-व्ही मोजणी (गेट व्होल्टेजबरोबर कपॅसिटन्स कसा बदलतो ते पाहणं) सुरू.

वक्र पाहता क्षणी ओळखू येतो. अ‍ॅक्युम्युलेशनकडून डिप्लीशनकडे (पृष्ठभागावर इलेक्ट्रॉन जमलेल्या अवस्थेकडून ते हटलेल्या अवस्थेकडे) जाताना सरळ उतरायला हवा तो आडवा पसरत उतरतोय. गेटवर जेवढा चार्ज चढवतो त्यातला बराचसा ट्रॅप भरण्यात किंवा रिकामे होण्यात जातो, स्फटिकातले बँड वाकत नाहीत.

नव्या पीएचडी विद्यार्थिनीने विचारलं, "सर, इन्व्हर्जन दिसतच नाही. कपॅसिटन्स खाली जातच राहतो. सेटिंग चुकलंय का?" सेटिंग बरोबर होतं. खोलीच्या तापमानाला शुद्ध 4एच-सिलिकॉन कार्बाइडमध्ये आपोआप तयार होणारे वाहक इतके कमी, की एक सापडायला शंभर-दोनशे घनमीटर स्फटिक लागेल. सिलिकॉनमध्ये एका घनसेंटिमीटरलाच 10¹⁰ असतात. त्यामुळे इन्व्हर्जनचा, म्हणजे उलट जातीच्या वाहकांचा, थर भरायला होल्स येणार कुठून? कपॅसिटर खोल डिप्लीशनमध्ये जातच राहतो. अंधारात तर तो दिवसभर तसाच बसेल. तिला अतिनील दिवा लावून दाखवला. लगेच होल्स तयार झाले, वक्र वर आला. बँडगॅप म्हणजे काय ते तिला त्या एका वक्राने समजलं, आणि मलाही ते पुन्हा नव्याने पाहताना बरं वाटलं.

7 फेब्रुवारी

ट्रॅपची घनता काढताना एका गोष्टीवर अडून बसलो आहे, सविस्तर लिहितो.

सीमेवरचा ट्रॅप इलेक्ट्रॉन किती वेळाने सोडतो, हे त्याच्या खोलीवर घातांकी पद्धतीने अवलंबून असतं. कॅप्चर क्रॉस-सेक्शन (इलेक्ट्रॉन पकडण्याची ट्रॅपची क्षमता, क्षेत्रफळाच्या मापात) 10⁻¹⁵ चौ. सेंमी धरून खोलीच्या तापमानाला हिशेब केला. कंडक्शन बँडच्या (मोकळ्या इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जा-पट्ट्याच्या) 0.6 इलेक्ट्रॉन-व्होल्ट खालचा ट्रॅप काही शतांश सेकंदात सोडतो. 0.8 वरचा मिनिट-दीड मिनिट घेतो. 1.0 वरचा दोन दिवसांहून जास्त. आणि बँडगॅपच्या मध्यावरचा, 1.6 चा, कोट्यवधी वर्षं.

म्हणजे खोलीच्या तापमानाला केलेली मोजणी बँडगॅपचा जेमतेम वरचा एक पट्टा पाहते. खालचे ट्रॅप एकदा भरले की भरलेलेच राहतात, ठराविक चार्जसारखे वागतात, आणि वक्राला फक्त बाजूला सरकवतात. तीच मोजणी 300 अंश सेल्सिअसला केली तर 1.6 चा ट्रॅपही शंभरेक सेकंदांत रिकामा होतो. ज्या अहवालांत फक्त खोलीच्या तापमानाचा आकडा देऊन "इंटरफेस उत्तम" म्हटलेलं असतं, ते वाचताना हे लक्षात ठेवायला हवं. गाडीच्या इन्व्हर्टरमध्ये चिप 150-175 अंशांवर चालते. तिथे जे ट्रॅप जागे होतात, ते खोलीच्या तापमानाच्या मोजणीत झोपलेले असतात.

ठरवलं: प्रत्येक नमुना खोलीच्या तापमानाला आणि तापवून, दोन्हीकडे मोजायचा. वेळ दुप्पट लागेल, लागू दे.

20 फेब्रुवारी

नायट्रिक ऑक्साइडमधलं अनील (त्या वायूत तापवणं) झालं, 1175 अंश. वायू विषारी आहे. बंद कॅबिनेट, गळती-शोधक, बाहेर जाणाऱ्या वायूसाठी स्क्रबर, सगळं तपासून मगच झडप उघडली. ही तपासणी कुणी घाईत उरकलेली मला चालत नाही.

ऑक्साइड तयार झाल्यावर नायट्रिक ऑक्साइड दिला की नायट्रोजन सीमेवर जाऊन बसतो आणि कंडक्शन बँडजवळचे ट्रॅप कमी होतात. 2001 मध्ये याच वाटेने चॅनेल मोबिलिटी एक अंकावरून तिशीत गेली, आणि आज बाजारातल्या बहुतेक मॉसफेटच्या मुळाशी हीच कृती आहे. आमच्याही कपॅसिटरचा वक्र आज उभा राहिला. नुसत्या ऑक्सिडेशनच्या नमुन्याशेजारी ठेवून पाहिलं तर फरक सांगावा लागत नाही.

तरीही 1 मेगाहर्ट्झच्या मोजणीवरून घनता जाहीर करायला मी तयार नाही. ही पद्धत असं गृहीत धरते, की 1 मेगाहर्ट्झला एकही ट्रॅप साथ देऊ शकत नाही. नायट्रिक ऑक्साइडनंतर मात्र अतिशय वेगवान ट्रॅप वाढतात आणि ते 1 मेगाहर्ट्झलाही हलतात. मग उच्च आणि मंद वारंवारितेतला फरक कमी दिसतो, आणि ट्रॅप आहेत त्याहून कमी निघतात. आमच्या सुंदर वक्रातलं काही सौंदर्य या कारणाने आलेलं असणार. शंभर मेगाहर्ट्झपर्यंत मोजायची सोय करायची, किंवा पृष्ठभागाच्या पोटेन्शियलवरून काढलेल्या सैद्धांतिक कपॅसिटन्सशी तुलना करायची. दुसरा मार्ग धरतो आहे. उपकरण आहे तेच पुरतं.

3 मार्च

गटाच्या बैठकीत सोडियमचा विषय निघाला. ऑक्सिडेशनच्या वेळी थोडं सोडियम असलं तर चॅनेल मोबिलिटी 100 च्या वर जाते, हे खरं आहे आणि पुन्हा पुन्हा दिसलेलं आहे. पण सोडियमचा आयन ऑक्साइडमध्ये फिरतो. गरम डिव्हाइसवर गेट व्होल्टेज ठेवलं की तो सरकतो आणि थ्रेशोल्ड त्याच्याबरोबर. रोध कमी, भरवसा शून्य. भट्टीत दूषण नाही ना, यासाठी आम्ही त्रिकोणी व्होल्टेज स्वीपची चाचणी लावतो. त्यात आयनचा शेंडा दिसला की ती बॅच बाद.

यातून प्रकल्पाचा निकष मात्र पक्का झाला: मोबिलिटी एकटी पाहायची नाही. थ्रेशोल्ड 175 अंशांवर जागचा हलतो का, हे आधी.

12 मार्च

आडव्या चाचणी-ट्रान्झिस्टरांची बॅच तयार. अ‍ॅल्युमिनियम आणि नायट्रोजनचं इम्प्लांट (आयन वेगाने आत मारणं) गरम वेफरवर, मग हे डोपंट कामाला लावण्यासाठी कार्बनचं टोपण घालून 1700 अंशांना अ‍ॅक्टिव्हेशन. या पदार्थात डोपंट विसरणाने सरकत नाहीत, जिथे मारले तिथेच राहतात. म्हणून प्रोफाइल वेगवेगळ्या ऊर्जेच्या इम्प्लांटने रचावी लागते. टोपण नसलं तर एवढ्या तापमानाला पृष्ठभागावरून सिलिकॉन उडतो आणि पायऱ्या-पायऱ्या पडतात.

थ्रेशोल्डची मोजणी. वरून खाली स्वीप केला तर एक आकडा, खालून वर केला तर दुसरा. आधी गेटला ऋण व्होल्टेज दिलं होतं की धन, त्यावर उत्तर ठरतं. जेडेक या अर्धवाहक-मानकांच्या संस्थेने सिलिकॉन कार्बाइडच्या थ्रेशोल्ड मोजणीसाठी वेगळी मार्गदर्शिका काढली ती याचसाठी: आधी ठरलेला पल्स द्यायचा, मग ठरलेल्या वेळात मोजायचं. आम्हीही तीच शिस्त लावली. त्याआधीचे आकडे एकमेकांशी जुळत नव्हते, आता जुळतात.

150 अंशांवर ऋण गेट व्होल्टेज ठेवून पाहिलं. नायट्रिक ऑक्साइडमध्ये जास्त वेळ ठेवलेल्या नमुन्यांचा थ्रेशोल्ड खाली सरकतो, कमी वेळवाल्यांचा कमी. नायट्रोजन इलेक्ट्रॉनचे ट्रॅप मिटवतो आणि ऑक्साइडमध्ये होल पकडणारे ट्रॅप वाढवतो. जास्त नायट्रोजन म्हणजे जास्त चांगलं, असं नाही. मोबिलिटीसाठी अनील लांबवावंसं वाटतं, थ्रेशोल्डसाठी आवरतं घ्यावंसं वाटतं. विद्यार्थिनीने दोन्ही एकाच आलेखावर काढले आहेत. तो आलेख या प्रकल्पाचा गाभा आहे.

25 मार्च

आज पॉवर इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रयोगशाळेत डबल-पल्स चाचणी (दोन मॉसफेट एकावर एक जोडून स्विचिंग तपासणं). आमचं इंटरफेसचं काम सर्किटमध्ये कुठे टोचतं, ते स्वतः पाहायचं होतं.

खालचा स्विच चालू होताच वरच्या, बंद असलेल्या मॉसफेटवर व्होल्टेज झपाट्याने चढतं. नॅनोसेकंदाला 50 व्होल्ट म्हणा. ड्रेन आणि गेटमधला कपॅसिटन्स 10 पिकोफॅरड असला तर त्यातून अर्धा अँपियर गेटकडे येतो. गेटचा एकूण रोध 5 ओहम असेल तर गेट अडीच व्होल्टने उचलला जातो. थ्रेशोल्ड 3 व्होल्ट. म्हणजे अर्धा व्होल्ट हाताशी. त्यात गरम झाल्यावर थ्रेशोल्ड आपोआप उतरतो, आणि वर्षभर ऋण गेट व्होल्टेज सोसून आणखी सरकला, तर बंद असायला हवा तो मॉसफेट क्षणभर चालू होतो आणि पूर्ण बस व्होल्टेजवर (पुरवठ्याच्या व्होल्टेजवर) करंट दोघांमधून सरळ खाली वाहतो. त्यापासून वाचायला ऋण 4 किंवा 5 व्होल्ट देऊन बंद ठेवतात. आणि तेच ऋण व्होल्टेज थ्रेशोल्ड सरकवतं. 12 तारखेच्या आलेखातली मिलिव्होल्टची हालचाल इथे जाऊन पोहोचते.

लूपच्या इंडक्टन्सचाही धडा मिळाला. 20 नॅनोहेन्री आणि नॅनोसेकंदाला 5 अँपियर, की 100 व्होल्टचा उसळ्या मारणारा शेंडा. प्रोबची ग्राउंड-वायर लांब ठेवली तर स्क्रीनवर दिसणारं रिंगिंग डिव्हाइसचं की वायरचं, ते सांगताच येत नाही. त्यांनी स्प्रिंगचं छोटं टोक लावून दाखवलं. अर्धं रिंगिंग गायब.

शॉर्ट-सर्किटचा मुद्दाही त्यांनीच काढला. आयजीबीटी 10 मायक्रोसेकंद तग धरतो, सिलिकॉन कार्बाइड मॉसफेट बहुधा 2-3. चिप लहान, करंट-घनता जास्त, उष्णता साठवायला जागा नाही. गेट ड्रायव्हरला तेवढ्यात ओळखून बंद करावं लागतं. आमच्या बाजूने पाहायचं तर, चॅनेल जितका चांगला होईल तितका शॉर्ट-सर्किटचा करंट वाढेल आणि हा वेळ आणखी घटेल. हे मी आतापर्यंत हिशेबात धरलं नव्हतं. आलेखात तिसरी रेघ येणार.

3 एप्रिल

गॅलियम नायट्राइडवाल्या गटाशी चर्चा. त्यांना गेट ऑक्साइडची कटकट नाही. अ‍ॅल्युमिनियम गॅलियम नायट्राइडचा थर वर बसवला की ध्रुवीकरणामुळे सीमेवर चौ. सेंटिमीटरला 10¹³ च्या घरात इलेक्ट्रॉन आपसूक जमतात, डोपिंग न करता, आणि मोबिलिटी 1500 ते 2000. दोन्ही बाजूंना एकाच जातीचा स्फटिक, त्यामुळे सीमा स्वच्छ. 20 वर भांडणाऱ्या आम्हाला हेवा वाटावा असे आकडे.

त्यांचे ट्रॅप दुसरीकडे आहेत: पृष्ठभागावर आणि खालच्या बफरमध्ये (पाया आणि चॅनेलमधल्या थरात). बंद अवस्थेत मोठं व्होल्टेज सोसताना तिथे इलेक्ट्रॉन अडकतात, आणि स्विच चालू केल्यावर काही काळ चॅनेल अर्धवट दबलेला राहतो. डेटाशीटवरचा स्थिर रोध एक आणि स्विच होतानाचा दुसरा. मोजणी पुन्हा तीच: कुठला ट्रॅप किती वेळात सोडतो. सिलिकॉनवर वाढवताना जाळीतला 17 टक्के फरक आणि थंड होतानाचा ताण सांभाळायला बफर जाड लागतो, म्हणून तो त्रास पूर्ण टाळताही येत नाही. शिवाय त्यांच्या आडव्या रचनेत अ‍ॅव्हलांच (धडकांतून वाहक वाढत जाण्याची साखळी) झाला तर डिव्हाइस वाचत नाही, म्हणून व्होल्टेजला मोठी मोकळीक ठेवावी लागते.

चार्जर आणि डेटा सेंटरच्या 650 व्होल्टपर्यंत गॅलियम नायट्राइड, त्यावर सिलिकॉन कार्बाइड, ही वाटणी मला आजही पटते.

10 एप्रिल

गॅलियम ऑक्साइडवर कुणीतरी विचारलं. बँडगॅप 4.8 च्या आसपास, वितळलेल्या द्रवातून स्फटिक वाढतो ही फार मोठी सोय, 2012 मध्ये पहिला ट्रान्झिस्टरही झाला. पण उष्णतावाहकता मीटर-केल्विनला 10 ते 27 वॅट, सिलिकॉन कार्बाइडची 370 च्या आसपास. आणि कामापुरता पी-प्रकार (होल्सनी वाहणारा) मिळत नाही. बलिगा गुणांकाच्या तक्त्यात तो आमच्या वर आहे. तो तक्ता उष्णता मोजत नाही.

24 एप्रिल

ब्लॉकिंगच्या, म्हणजे बंद असताना व्होल्टेज अडवण्याच्या, बाजूने विचार. सीमेवर परमिटिव्हिटीच्या प्रमाणात फील्ड वाढतो: सिलिकॉन कार्बाइड 9.7, ऑक्साइड 3.9. आत 25 लाख व्होल्ट/सेंमी असेल तर ऑक्साइडमध्ये 62 लाख. वर कंडक्शन बँडची पायरी सिलिकॉनपेक्षा बुटकी, 2.7 इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास, म्हणून टनेलिंग (इलेक्ट्रॉन ऑक्साइडमधून निसटणं) लवकर सुरू होतं. दीर्घ आयुष्यासाठी ऑक्साइडमध्ये 30-40 लाखांच्या वर जायचं नाही, असा सर्वसाधारण दंडक आहे. म्हणून दोन पी-विहिरींमधली जागा अरुंद ठेवून ऑक्साइडला सावलीत ठेवतात. त्याने रोध वाढतो. क्रिटिकल फील्ड पूर्ण वापरायचा झाला तरी ऑक्साइड वापरू देत नाही. पहिल्या दिवशीच्या 0.54 मध्ये हे कुठेच आलेलं नव्हतं.

नवा प्रयोग ठरला. क्योतो विद्यापीठातल्या किमोतोंच्या गटाने 2020 च्या सुमारास दाखवलेली दिशा: सिलिकॉन कार्बाइडचं ऑक्सिडेशनच करायचं नाही. पृष्ठभाग हायड्रोजनमध्ये खोदून स्वच्छ करायचा, ऑक्साइड वरून बसवायचा, आणि मग नुसत्या नायट्रोजनमध्ये खूप वरच्या तापमानाला अनील. सीमेवर कार्बन सुटायला कारणच ठेवायचं नाही. 23 जानेवारीला लिहिलेल्या अडचणीवर हा मुळापासून घाव आहे, आणि विषारी वायूही लागत नाही. अडचण भट्टीची: 1400-1600 अंशांना क्वार्ट्झची नळी चालणार नाही. अ‍ॅक्टिव्हेशनची ग्रॅफाइट भट्टी वापरायची, पण तिच्यात ऑक्साइडवर कार्बनचा परिणाम होऊ नये म्हणून वेफर सिलिकॉन कार्बाइडच्या झाकणाच्या डब्यात.

8 मे

हायड्रोजन खोदणी आणि बसवलेल्या ऑक्साइडचे पहिले कपॅसिटर, अनील 1400 ला. खोलीच्या तापमानाचा वक्र नायट्रिक ऑक्साइडच्या नमुन्याइतकाच उभा. 300 अंशांवर त्याहून बरा: मधले, खोल ट्रॅप खरोखर कमी आहेत. गळतीचा करंट मात्र काही ठिपक्यांत लवकर चढतो. बसवलेला ऑक्साइड पुरता घट्ट झालेला नसावा, किंवा खोदणीनंतर पायऱ्यांच्या कडांवर तो पातळ पडत असावा. छेद कापून इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली पाहिल्याशिवाय या दोनांपैकी एक निवडणार नाही.

15 मे

छेद पाहिले. पायऱ्या दिसतात, पण ऑक्साइड त्यांच्यावर सारख्या जाडीने बसला आहे. म्हणजे संशय घट्टपणावर. पुढच्या बॅचमध्ये खोदणी तीच, ऑक्साइड तोच, अनील तीन वेगळ्या तापमानांना: 1400, 1500, 1600. प्रत्येक तुकड्यावर खोलीच्या तापमानाची आणि 300 अंशांची मोजणी, गळती, आणि त्याच वेफरवरच्या ट्रान्झिस्टरांना 175 अंशांवर ऋण 5 व्होल्टचा ताण. नायट्रिक ऑक्साइडचा एक तुकडा तुलनेला प्रत्येक वेळी सोबत जाईल. विद्यार्थिनीने मास्क तयार केला आहे. भट्टी सोमवारी मिळते.